दुसऱ्या गिअरची पितळी रिंग: जुन्या मारुती ८०० चा गिअर बॉक्स खोलल्यानंतरचे नऊ महिने

दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावात माझी २००५ सालची मारुती ८०० अजूनही रोजच्या कामाची गाडी आहे. चार गिअरचा साधा बॉक्स. एप्रिलच्या शेवटी तो खोलला तेव्हा मीटरवर १ लाख १८ हजार किलोमीटर झाले होते आणि त्यानंतर गाडी सुमारे साडेसहा हजार किलोमीटर चालली आहे. त्यात एक पूर्ण पावसाळा येऊन गेल्यामुळे आता अनुभव लिहायला हरकत नाही.

तक्रार दोन वर्षे जुनी होती. पहिल्यातून दुसरा गिअर टाकताना करकर होई आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरताना तर ती हमखास होई. पांदण रस्त्याने वावरात जाणाऱ्या गाडीचा निम्मा जन्म पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच जातो, त्यामुळे दुसऱ्याची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडण्याआधी त्याचा वेग जुळवून घेणारी पितळी कडी, सगळ्यांत आधी झिजावी, हे स्वाभाविकच. पण मला ते तेव्हा उमगले नव्हते. एका गॅरेजमध्ये सांगितल्यावरून मी क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलून घेतली, आणि आवाज जसाच्या तसा राहिला. हा खर्च वाचवता आला असता. दोष क्लचचा की रिंगेचा, हे ओळखायची सोपी खूण आहे. या गाडीत रिव्हर्स गिअरला सिंक्रो रिंग नसते. म्हणून गाडी उभी करून, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तेव्हाही तो करकरला, तर क्लच नीट सुटत नाही असे समजावे. माझ्या गाडीत रिव्हर्स निमूटपणे पडत होता, म्हणजे क्लचचा दोष नव्हताच.

दुसरे दुखणे घरघरीचे. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवली की बॉक्समधून घरघर ऐकू येई आणि क्लच दाबताच ती थांबे. हे इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद बॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या, बेरिंगचे लक्षण होय. याउलट, क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर संशय रिलीज बेरिंगवर, म्हणजे क्लच दाबताना त्याला रेटणाऱ्या बेरिंगवर, घ्यावा.

भंगारातला बॉक्स आणून बसवावा, असा सल्ला अनेकांनी दिला. तो पडतो स्वस्त आणि काम एका दिवसात होते, पण त्यातल्या रिंगाही आपल्याच गाडीच्या वयाच्या असतात आणि आत काय आहे ते खोलल्याशिवाय दिसत नाही. खोलायचेच, तर आपलाच का नको, असा विचार करून मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी लावली.

बॉक्स खोलल्यावर त्यांनी दुसऱ्या गिअरची पितळी रिंग गिअरच्या उतरत्या शंकूवर बसवली, अंगठ्याने दाबली आणि फिरवली. ती सहज घसरत फिरली. मग तिसऱ्याची रिंग तशीच दाबून फिरवली, तर ती जागीच चिकटून बसली. "गिअरचा शंकू चांगला हाये भाऊ, रिंगच घासली त्याची," एवढेच ते म्हणाले. रिंगेच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात. तेलाचा थर कापून शंकूला धरायचे आणि गिअरचा वेग शाफ्टच्या वेगाशी जुळवायचा, हे त्यांचे काम. माझ्या रिंगेचे आटे नखाला लागतही नव्हते. फिलर गेजने रिंग आणि गिअर यांच्यातली फट मोजली, तर ती अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली गेलेली होती. नव्या रिंगेत हीच फट एक मिलिमीटरच्या वर असते.

झिजेचे मूळ मात्र बाहेर होते. चाकाकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या ऑइल सीलवर चिखल आणि कुटार (भुसकट) गुंडाळले जाऊन ती फाटली होती आणि तेल थेंब-थेंब गळत राहिले होते. इंजिन ऑइलसारखी पट्टी ओढून या बॉक्समधले तेल कोणी पाहत नाही. बाजूचा बोल्ट काढून पातळी बघावी लागते, आणि ते काम गेल्या कित्येक वर्षांत मी एकदाही केले नव्हते.

पहिल्या-दुसऱ्याच्या रिंगा, त्यांची हब-स्लीव्ह (सरकून गिअरला शाफ्टशी जोडणारा भाग), इनपुट शाफ्टची बेरिंगे आणि सगळ्या सील बदलल्या. मजुरीसह ११,४०० रुपये लागले, आणि अमरावतीहून माल येईपर्यंत गाडी सहा दिवस अडकली. तेल जीएल-४ दर्जाचे, ७५ डब्ल्यू ९० घातले. दुकानदार जीएल-५ चांगले म्हणून गळ्यात मारू पाहत होता, परंतु काही जीएल-५ तेलांतील गंधकयुक्त रसायने पितळेला मानवत नाहीत आणि जास्त निसरड्या तेलात रिंगेची पकडही ढिली पडते.

नव्या रिंगा बसेपर्यंत पहिले पाचशे किलोमीटर गिअर सावकाश टाकले. हजार किलोमीटरला तेल काढले, तेव्हा त्यात सोनेरी चकाकी दिसली. चुंबक फिरवल्यावर त्याला जवळपास काहीच चिकटले नाही, म्हणजे तो पितळेचा कीस होता, पोलादाचा नव्हे. नवी रिंग बसताना एवढे होतेच. दुसऱ्यांदा मात्र तेल स्वच्छ निघाले.

आजची स्थिती अशी की दुसरा गिअर एका बोटाने पडतो आणि घरघर पूर्ण गेली. पावसाळ्यात चिखलातून सोयाबीनची पोती आणतानाही तो एकदाही करकरला नाही. परंतु सगळेच नवे झाले, असे म्हणता येत नाही. दुसऱ्या गिअरचे बाजूचे छोटे दात किंचित बोथट झाले होते आणि पैसे वाचवण्यासाठी मी तो गिअर तसाच ठेवला. त्यामुळे डिसेंबरच्या थंडीत, तेल घट्ट असताना, पहिले दोन किलोमीटर गिअर अडखळतो. तेव्हा क्लच दोनदा दाबून टाकला की पडतो. बॉक्स उघडलेला असतानाच तो गिअर बदलायला हवा होता, कारण पुन्हा खोलायचे तर मजुरी पुन्हा तेवढीच. तिसऱ्याची रिंग त्या दिवशी पकडत होती म्हणून तिला हात लावला नाही, आणि ती अजून साथ देत आहे. डावीकडची सील पुन्हा थोडी ओली दिसू लागली आहे. ती मिरगाच्या आधी बदलून घेणार आहे.