गावचा शेवटचा चढ : ग्रँड विटारा, जिम्नी की थार रॉक्स?

माझ्या आतेभावाला गाडी घ्यायचीय. राहतो डोंबिवलीला, गाव राजापूर तालुक्यात, आणि घर हायवेपासून बरंच आत, वाडीत. गेले दोन महिने रोज रात्री फोन येतो, आज मारुतीची ग्रँड विटारा, उद्या मारुतीचीच जिम्नी, परवा महिंद्राची थार रॉक्स, आणि दरवेळी वाक्य एकच, 'अरे पण हिच्यात पण फोर बाय फोर आहे ना'. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर, तो आहे, पण तिघींच्या खालचं मशीन वेगळं आहे, आणि त्याच गाडीचं एक ट्रिम (किमतीप्रमाणे मिळणारी पायरी) खाली उतरलात तर ते मशीन कदाचित नसेलच. त्याला फोनवर जे तुकड्या तुकड्यात सांगत आलोय ते इथे एकत्र लिहितो, कारण असं घर असलेले बरेच जण आहेत.

सगळ्यात आधी ब्रोशर बाजूला ठेवा आणि तुमच्या रस्त्यातले सगळ्यात वाईट २०० मीटर कुठले ते आठवा. भावाचे ठरलेले आहेत, साकव ओलांडला की लाल मातीचा खडा चढ, मध्ये मध्ये जांभा वर आलेला, दोन्ही बाजूंना गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांची भिंत, आणि शेवटी एक वळण. मे महिन्यात कुठलीही गाडी चढते. गणपतीत तोच चढ साबण लावल्यासारखा होतो. मागच्या वर्षी आम्ही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीने गेलो, पाच माणसं आणि डिकी भरून सामान, अर्ध्या चढावर पुढची चाकं जागेवरच फिरायला लागली, मग उलटं खाली यावं लागलं आणि माटवीचं (गणपतीवरच्या सजावटीचं) सगळं सामान डोक्यावरून वर नेलं. ह्यात ड्रायव्हरची चूक नव्हती, चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि जोर नेमका त्याच हलक्या चाकांना जात असतो. मागच्या चाकांनाही जोर हवा तो ह्याच्यासाठी.

एक गैरसमज आत्ताच काढून टाकतो. क्रेटा आणि सेल्टॉसमध्ये स्नो, मड, सँड असे मोड मिळतात, पण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या ह्या गाड्या पुढच्या दोनच चाकांवर चालतात. तो मोड घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो आणि इंजिनचा जोर सांभाळतो, थोडी मदत होते, पण मागच्या चाकांपर्यंत काहीच जात नाही कारण जायला शाफ्टच, म्हणजे जोर मागे नेणारा दांडाच, नाही. त्यामुळे सेल्समनला 'मोड आहेत का' असं विचारू नका, 'मागच्या चाकांना शाफ्ट जातो का' असं विचारा.

आता ग्रँड विटारा. तिच्यातली ऑलग्रिप सिलेक्ट, टोयोटा हायरायडरमधली एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह) आणि मारुतीच्याच व्हिक्टोरिसमधली ऑलग्रिप, हे सगळं एकाच घराण्यातलं. मागच्या डिफरेन्शियलच्या (दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या) पुढे एक कपलिंग, म्हणजे एक प्रकारचा क्लच, असतो, ऑटो मोडमध्ये गाडी बहुतेक वेळ पुढच्या चाकांवर चालते आणि घसरण जाणवली की कपलिंग आवळून जोर मागे पाठवला जातो. ऑटो, स्पोर्ट, स्नो, लॉक असे चार मोड. ओल्या मातीत आपल्या कामाचा लॉक, तो चढ सुरू व्हायच्या आधी लावायचा, चाकं फिरायला लागल्यावर नाही, कारण एकदा गुळगुळीत खड्डा पडला की मग कुठलाही मोड लावा, त्याच खड्ड्यातून बाहेर यावं लागतं. ह्या सिस्टिमची मर्यादा अशी की लो रेंज, म्हणजे स्पीड कमी करून जोर वाढवणारा जादा गिअर, नाही. पेट्रोल इंजिन १५०० सीसीचं, टॉर्क साधारण १३७ न्यूटन मीटर आणि तोही आरपीएम चढल्यावर, त्यामुळे भरलेल्या गाडीने खड्या चढावर मध्येच थांबून परत उचलायची वेळ आली की मॅन्युअलमध्ये क्लच भाजतो. २०२२ मध्ये गाडी आली तेव्हा एडब्ल्यूडी फक्त पाच गिअरच्या मॅन्युअलला मिळायचं, २०२५ मध्ये त्याला सहा गिअरचं ऑटोमॅटिक मिळालं, आणि चढावरच्या कामाला माझ्या मते तेच बरं, टॉर्क कन्व्हर्टर हळूहळू ओढतो आणि जळायला क्लच नाही.

भावाचं खरं घोडं ट्रिमपाशी अडलंय. त्याला हवी होती स्ट्राँग हायब्रिड, कारण डोंबिवली ते ऑफिस रोजचं ट्रॅफिक आणि कंपनीचा मायलेजचा आकडा २७.९७, पण हायब्रिडला एडब्ल्यूडी नाही. सीएनजीलाही नाही. खालच्या ट्रिमला तर नाहीच. म्हणजे एडब्ल्यूडी हवं असेल तर साधं पेट्रोल आणि वरचं ट्रिम घ्यायचं, सोबत हव्या नको त्या सगळ्या गोष्टींचे पैसे मोजायचे. मायलेजही थोडा जातो, मॅन्युअलमध्ये कंपनीचा आकडा २१.११ वरून १९.३८ वर आला होता. मला हे मनापासून खटकतं, कारण चिखलाच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला पॅनोरॅमिक सनरूफ नको असतं, त्याला मागची चाकं फिरायला हवी असतात, आणि नेमकी तीच गोष्ट सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलेली असते.

जिम्नीत हा त्रास नाही. झेटा घ्या किंवा अल्फा, फोर बाय फोर दोन्हीत तेच, फरक अलॉय, एलईडी हेडलाइट, मोठी स्क्रीन, क्रूझ असल्या गोष्टींचा. पैसे कमी असतील तर झेटा घेऊन उरलेल्यात चांगले टायर टाका, मी तरी तेच करीन. खाली ट्रकसारखी शिडीच्या आकाराची चौकट (लॅडर फ्रेम), पुढे मागे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल, आणि हाताने टाकायचा लिव्हर, टू-एच, फोर-एच, फोर-एल. टू-एच म्हणजे फक्त मागची दोन चाकं, फोर-एच म्हणजे चारही चाकं नेहमीच्या स्पीडला, फोर-एल म्हणजे लो रेंज, गाडी साधारण निम्म्या स्पीडने जाते आणि चाकावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून इंजिन १०५ पीएसचंच असलं तरी चढावर ते अडत नाही, आणि उतरताना पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर पाय न ठेवता खाली येता येतं. ओल्या उतारावर हे किती मोलाचं आहे ते एकदा ब्रेक दाबून गाडी आडवी झालेल्या माणसालाच कळतं. एक लक्षात ठेवा, मध्ये डिफरेन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-एचमध्ये फिरवायची नाही, वळणावर पुढची मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि सगळा ताण गिअरच्या डब्यावर येतो. हायवेला भर पाऊस आहे म्हणून ती आपोआप पुढच्या चाकांनाही जोर देईल असंही नाही, तिथे ग्रँड विटारा पुढे आहे.

रुंदी बघा, हे कोणीच बोलत नाही. जिम्नी १६४५ मिलिमीटर, ग्रँड विटारा १७९५, रॉक्स १८७०. दोन गडग्यांमधून जाताना जिम्नी आणि रॉक्समधला वीतभर फरक म्हणजे आरसा राहतो की जातो. पण जिम्नीत माणसं चारच बसतात, आणि मागची सीट उभी ठेवली तर सामानाला २०८ लिटर. आत्या, मामा, दोन पोरं आणि गणपतीचं सामान, ह्यात गाडी संपली. ऑटोमॅटिकही चारच गिअरचं आहे, मुंबई ते राजापूर त्यात कंटाळा येतो.

रॉक्सची ताकद वेगळीच आहे, डिझेल, टॉर्क ट्रिम आणि गिअरबॉक्सनुसार ३३० ते ३७० न्यूटन मीटर, लो रेंज, आणि मागचं डिफरेन्शियल इलेक्ट्रॉनिक लॉक होतं, म्हणजे एक मागचं चाक हवेत असलं तरी दुसरं ओढत राहतं. पण फोर बाय फोर फक्त डिझेलला आणि एमएक्स५ पासून वर. पेट्रोल रॉक्स मागच्या दोन चाकांवरच चालते, दिसायला तीच गाडी, आणि घाईत बुकिंग करणारे लोक इथेच फसतात.

जीप कंपासबद्दल थोडक्यात, आपल्या रांजणगावला बनते, डिझेल ऑटोमॅटिक फोर बाय फोरमध्ये फोर-लो असं बटण आहे, पण तिथे वेगळा लो रेंजचा डबा नसून नऊ गिअरमधला पहिला अगदी छोटा गिअर वापरला जातो. आपल्या कामाला पुरेसं आहे, पण वरच्या ट्रिमलाच मिळतं आणि भावाच्या बजेटबाहेर जातं. जुनी चालत असेल तर २०१४ नंतरची डस्टर एडब्ल्यूडी शोधा. ११० पीएस डिझेल, सहा गिअर, त्यातला पहिला मुद्दाम छोटा, गोल बटणावर टू-डब्ल्यूडी, ऑटो, लॉक, आणि मागे टू-डब्ल्यूडी डस्टरपेक्षा वेगळं, प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन. घेताना गाडीखाली वाकून मागचा शाफ्ट डोळ्यांनी बघा.

टायरचं एक सांगतो. कंपनीचे टायर डांबरासाठी असतात, लाल माती त्यांच्या खाचांत बसली की चारही चाकं गुळगुळीत होतात आणि मग चारही एकत्र घसरतात. आणि एडब्ल्यूडीत चारही टायर सारखे झिजलेले हवेत, दोन नवे दोन जुने असं चालवलं तर कपलिंगला कायम घसरण चालू असल्यासारखं वाटतं आणि ते तापतं.

भावाला मी शेवटी असं सांगितलं. चढ बुळबुळीत आहे पण खडा नाही, मध्ये थांबावं लागत नाही आणि घरात पाच माणसं आहेत, तर ग्रँड विटारा नाहीतर हायरायडरचं एडब्ल्यूडी ऑटोमॅटिक, लॉक लावून, एका दमात. चढावर दगड वर आलेत, चाक उचललं जातं, मध्ये थांबून परत निघावं लागतं, तर लो रेंजशिवाय जाऊ नको, मग चार जण असतील तर जिम्नी, जास्त असतील आणि गडगा परवानगी देत असेल तर रॉक्स डिझेल. त्याच्या चढावर ते वळण आहे आणि तिथे थांबावंच लागतं, म्हणून माझं मत जिम्नी, आणि आत्या मामांनी तुतारी एक्सप्रेसने यावं. तो अजून हायब्रिडकडे बघतोय. येत्या रविवारी टेप घेऊन गावी चाललाय, दोन गडग्यांमधलं अंतर मोजायला.