हॉलिवुड नाइट्स, हॉलिडे वर्ल्ड (सांता क्लॉज, इंडियाना): एकटीने जाऊन आल्यावर

'एकटीने जावं का?' असं विचारणाऱ्या मैत्रिणींना आधी उत्तर देते: जावं. घरच्यांना ओढून नेण्यापेक्षा एकटीनेच जावं. हॉलिवुड नाइट्स हा हॉलिडे वर्ल्ड या पार्कातला मेळावा रोलर कोस्टरचं वेड असलेल्यांसाठी आहे. 'पुन्हा बसायचं?' या प्रश्नावर ज्याचं उत्तर 'झालं ना आता, चला' असं असतं, त्याला तिथे करमणार नाही आणि तो तुम्हालाही सुखाने बसू देणार नाही.

मी कोलंबस, इंडियानात राहते. डिझेल इंजिनांच्या कारखान्यांमुळे इथे पुण्याची मंडळी पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी हॉलिडे वर्ल्ड पाहिलेलं आहे. पण ते बघतात मुलांना घेऊन, उन्हाळ्यात, वॉटर पार्कसाठी. वाइल्डबीस्ट आणि मॅमथवर भिजायचं, फुकटचं थंड प्यायचं, संध्याकाळी परत. (पार्किंग, सनस्क्रीन आणि कोल्ड्रिंक इथे खरंच तिकिटातच असतं, वेगळे पैसे नाहीत. अमेरिकेतल्या दुसऱ्या पार्कांत पाण्याच्या बाटलीला काय मोजावं लागतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याची किंमत कळेल.) पार्काच्या मागच्या जंगलात काय बांधून ठेवलंय, ते मात्र यातल्या फार थोड्यांनी पाहिलंय.

थोडी पार्श्वभूमी. सांता क्लॉज हे गावाचं खरंच नाव आहे. एव्हान्सव्हिलचे उद्योजक लुई कॉख यांना वाटलं, या नावाच्या गावात मुलं हौसेने येतात आणि सांता कुठेच दिसत नाही म्हणून हिरमुसून जातात, हे बरं नाही. त्यांनी 3 ऑगस्ट 1946 रोजी सांता क्लॉज लँड सुरू केलं. 1984 मध्ये त्याचं हॉलिडे वर्ल्ड झालं आणि ख्रिसमसच्या जोडीला हॅलोवीन, चार जुलै, पुढे थँक्सगिव्हिंग असे सणांचे विभाग आले. या घराण्याच्या तिसऱ्या पिढीतले विल कॉख यांना लाकडी कोस्टरचं वेड होतं. 1995 मध्ये रेव्हन, 2000 मध्ये लेजंड, 2006 मध्ये व्हॉयेज. एवढ्याशा गावात अकरा वर्षांत तीन मोठे लाकडी कोस्टर उभे राहिले, ते या माणसामुळे. व्हॉयेजच्या आराखड्यातही त्यांचा हात होता. 2010 मध्ये ते गेले, पण मेळाव्यात त्यांचं नाव अजून रोज निघतं, घरातल्या माणसाचं निघावं तसं.

मेळाव्याची रचना साधी आहे. जूनच्या सुरुवातीला, शुक्रवार आणि शनिवार. दिवसा पार्क सगळ्यांसाठी उघडं असतं. नेहमीची गर्दी घरी गेली की नाव नोंदवलेल्यांसाठी मोठे कोस्टर पुन्हा चालू होतात आणि रात्री उशिरापर्यंत चालतात. याला ही मंडळी ईआरटी (एक्सक्लुझिव्ह राइड टाइम) म्हणतात. इथे महिन्याभरात जे जमत नाही ते त्या काही तासांत जमतं: एकच कोस्टर, पुढून, मागून, मधून, पुन्हा मागून. तिकिटं वेगळी काढावी लागतात आणि लवकर संपतात, तेव्हा आधीपासूनच लक्ष ठेवा.

आता व्हॉयेज. या परीक्षणात तिला जास्त जागा देणार आहे, कारण माझ्यासाठी मेळावा म्हणजे मुख्यतः तीच.

सांगाडा पोलादाचा, रूळ लाकडी. उंची 163 फूट, लांबी 6,442 फूट, म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर. वेग ताशी 67 मैल. जाताना तीन मोठ्या टेकड्या एकामागून एक, मग जंगलाच्या पार टोकाला वळणांचा गुंता, त्यात गाडी तीन वेळा पूर्ण 90 अंशांत कलते, आणि मग परतीची वाट. वाटेत जमिनीखालची 5 भुयारं. परतीच्या सुरुवातीला एक जागा आहे जिथे उतार एका दमात संपत नाही: गाडी पडते, जरा सावरते, पुन्हा पडते, सावरते, आणि तिसऱ्यांदा पडते. हा ट्रिपल डाउन. पहिल्या वेळी कुणी सांगितलं नसेल तर तिसरी उतरण पोटात जो गोळा आणते, तो स्टेशनात उतरल्यावरही खाली बसत नाही.

लाकडी कोस्टरवाले ज्याच्यासाठी जीव टाकतात तो एअरटाइम. टेकडीच्या माथ्यावर रूळ खाली वळतो, शरीराला मात्र आधीच्या दिशेनेच जायचं असतं, म्हणून मांडी आणि सीट यांच्यात फट पडते. गाडी उडून जात नाही कारण रुळाच्या खालूनही चाकं धरून असतात. तुम्ही मात्र तेवढा वेळ फक्त मांडीवरच्या दांड्याच्या भरवशावर असता. पावणेतीन मिनिटांच्या सफरीत व्हॉयेज असा 24 सेकंदांहून जास्त एअरटाइम देते. आकडा वाचताना लहान वाटेल. पुढच्या वेळी हवेत असताना मोजून बघा.

आणि रात्री ती वेगळीच असते. दिवसभर धावून बेअरिंगमधलं ग्रीस पातळ झालेलं असतं, चाकं मोकळी फिरतात, गाडी सकाळपेक्षा जोरात पळते. माझं कामच बेअरिंग आणि वंगणांशी आहे, त्यामुळे हे ऐकीव म्हणून सोडून न देता मी सकाळी आणि रात्री त्याच ओळीत बसून पाहिलं. फरक अंगाला कळतो. शिवाय अंधार. लिफ्टची साखळी कटकट करत वर नेत असते तेव्हा उजव्या हाताला झाडांत काजवे दिसतात. जूनमध्ये भंडारदऱ्याला पाहिले होते, त्यानंतर एवढे काजवे मी इथेच पाहिले. मग माथा येतो आणि त्यापुढे काहीच दिसत नाही. पुढचं वळण डावीकडे की उजवीकडे, भुयार कधी येणार, काही कळत नाही. पाठ असलेली वाटही अंधारात पाठ राहत नाही.

ती दणके देते, हेही सांगितलं पाहिजे. मान किंवा कंबर दुखणाऱ्यांनी व्हॉयेजवर बसूच नये. बाकीच्यांनी चाकाच्या अगदी वर येणारी ओळ टाळावी. अगदी शेवटच्या ओळीत पहिल्या उतारावर गाडी तुम्हाला माथ्यावरून खेचून नेते, पुढच्या ओळीत वारा आणि मोकळी नजर मिळते. मला मागची आवडते. पाठ सैल ठेवा, दात मिटून ठेवा, आणि गाडी जिकडे नेईल तिकडे अंग जाऊ द्या.

माणसांबद्दल. एकटीने जाण्याची जी काही धाकधूक होती ती पहिल्या संध्याकाळी, जेवणाच्या टेबलापाशी संपली. इथे कुणी 'काय करता?' असं विचारत नाही. पहिला प्रश्न: होम पार्क कोणतं? मी सांगितलं किंग्ज आयलंड. ओहायोतलं ते पार्क मला गाडीने दोन तासांच्या आत आहे. लगेच तिथल्या बीस्टचा विषय निघाला, 1979 चा, 7,361 फुटांचा, आजही जगातला सगळ्यात लांब लाकडी कोस्टर. तो दिवसा बसण्याचा आहे की फक्त रात्रीच, यावर दोन बहिणी, दोघीही नर्स, माझ्या डोक्यावरून भांडल्या. मी रात्रीच्या बाजूने मत दिलं आणि धाकटीने मला तिथल्या तिथे आपल्यात घेतलं.

दुसरा प्रश्न असतो, सगळ्यात दूरचं क्रेडिट कुठलं? ज्या कोस्टरवर बसलात तो तुमच्या खात्यातलं एक क्रेडिट. मी म्हटलं, खोपोली. मुंबई आणि पुण्याच्या मधे, घाटाच्या पायथ्याला, इमॅजिका. तिथला नायट्रो. 132 फूट, फ्लोअरलेस (पायाखाली फरशी नसलेला), 5 वेळा उलटा. टेबलावर एकदम शांतता, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. बोलिगर अँड मबियार या स्विस कंपनीचा कोस्टर भारतात आहे हे त्यांना माहीत होतं, त्यावर बसलेलं माणूस मात्र कुणी पाहिलं नव्हतं. पावसाळ्यात चालतो का? मागे डोंगर दिसतो का? रांग किती असते? निगडीच्या अप्पूघरातल्या झुल्यांपासून माझं हे सगळं सुरू झालं, तेही मी सांगितलं आणि त्यांनी ते मनापासून ऐकून घेतलं. मराठी घरांत पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने कोस्टरबद्दल एवढं बोललं की कुणीतरी विषय बदलतंच. इथे दोन तास कुणी बदलला नाही.

केंटकीचे एक गृहस्थ भेटले, शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. लहानपणी ते इथे आले होते तेव्हा हे सांता क्लॉज लँड होतं. बसलेल्या प्रत्येक कोस्टरची नोंद ते एका वहीत ठेवतात: तारीख, ओळ, हवा, सोबत कोण. व्हॉयेजवर माझ्याशेजारी बसले तेव्हा उतरल्यावर माझं नाव विचारून देवनागरीत लिहून घेतलं. शिकागोची एक मुलगी स्ट्रक्चरल इंजिनियरिंग शिकते. व्हॉयेज उभारणारी ग्रॅव्हिटी ग्रुप ही कंपनी सिनसिनाटीत आहे आणि तिला तिथेच नोकरी करायची आहे. लेजंडच्या रांगेत तिने मला दाखवलं, गाडी वळणात शिरते तेव्हा लाकडी चौकटी किती हलतात. हलायलाच हव्यात, ताठ राहिल्या तर तुटतील, असं ती सांगत होती आणि मी माझ्या इंजिन माउंटिंगची उदाहरणं देत होते. एवढ्या चांगल्या तांत्रिक गप्पा ऑफिसात होत नाहीत.

ओळीत दोन सीट असतात, म्हणून एकटीला जोडीदार मिळतोच. स्टेशनात एक बोट वर केलं की कुणीतरी हाक मारतं. शनिवारी रात्रीपर्यंत बोट वर करावंच लागलं नाही.

बाकीच्या कोस्टरबद्दल थोडक्यात. रेव्हन लहान आहे, 80 फुटांचा, पण तळ्याच्या काठाने वळून जंगलात जी पाचवी उतरण येते ती रात्री अगदी अनपेक्षित वाटते. नवख्या माणसाने इथून सुरुवात करावी. लेजंड बाजूला जास्त फेकतो. मला तो व्हॉयेजच्या खालोखाल आवडतो, पण बऱ्याच जणांना रेव्हन वर वाटतो. थंडरबर्ड 2015 चा, पोलादी, विंग कोस्टर, म्हणजे सीट रुळाच्या दोन्ही बाजूंना, पायाखाली काही नाही. साडेतीन सेकंदांत ताशी 60 मैल. मऊ, सफाईदार, सुंदर. लाकडी कोस्टरवर हाडं खिळखिळी झाल्यावर मधे एकदा तिथे जावं.

जेवण मांसाहाराकडे झुकलेलं असतं, टर्की आणि चिकन. मी शाकाहारी, पिझ्झा आणि उकडलेल्या भाज्यांवर भागलं, आणि गाडीत दशम्या व शेंगदाण्याची चटणी ठेवली होती. ती चटणी नर्स बहिणींनी संपवली.

सुरक्षिततेबद्दल विचारलं जातं, म्हणून: रात्री उशिरा पार्किंगमध्ये एकटी चालत गेले, सगळीकडे मेळाव्याचीच माणसं होती, काही भीती वाटली नाही. काळजी पुढच्या रस्त्याची घ्या. रस्ते अंधारे आहेत आणि हरणं आडवी येतात, सावकाश चालवा. केस मोकळे ठेवू नका, घट्ट वेणी घाला. चष्म्याला मागून पट्टा लावा. मंगळसूत्र, कानातले लोंबते डूल घरी ठेवा. जूनमध्ये या भागात वादळं येतात आणि वीज दिसली की कोस्टर थांबतात, तेव्हा एकाच रात्रीच्या भरवशावर लांबून येऊ नका, दोन्ही रात्री ठेवा. शनिवारी सकाळी वेळ असतो तेव्हा जवळच लिंकन सिटीला जाऊन या. अब्राहम लिंकन 1816 ते 1830, म्हणजे वयाच्या सातव्या वर्षापासून एकविसाव्यापर्यंत तिथे वाढले, त्यांच्या आईची कबर तिथे आहे.

राहण्याची जागा ठरवताना एक गोष्ट बघाच. सांता क्लॉज सेंट्रल वेळेवर चालतं, पण पलीकडच्या ड्युबॉइस काउंटीतली जॅस्पर, हंटिंगबर्ग, फर्डिनंड ही गावं ईस्टर्नवर. तिथे खोली घेतलीत तर पार्कातून निघताना रात्रीचे बारा वाजलेले असतील आणि खोलीवर पोचाल तेव्हा दीड. सकाळी चेक-आउटची वेळही त्याच घड्याळाने मोजतात. कोलंबस किंवा इंडियानापोलिसहून येणाऱ्यांना जाताना एक तास मिळतो, तो रेव्हनच्या रांगेत घालवा.