शकुंतलेसाठी नऊ मिलिमीटरचा रूळ : दिवाळीपासून मृगापर्यंतचा अनुभव

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावर पूर्वी धावणारी शकुंतला ही गाडी घरात छोट्या रूपात उभी करावी म्हणून गेल्या दिवाळीच्या सुमारास मी काटो या जपानी कंपनीचा युनिट्रॅक नावाचा ९ मिलिमीटर गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) रूळसंच, एका छोट्या डिझेल इंजिनाची आठ चाकी चासी (मोटर व चाके असलेला सांगाडा) आणि वाघिणींसाठी, म्हणजे मालडब्यांसाठी, चाकांच्या काही जोड्या मागविल्या. आता मृगाचा पाऊस पडून गेला आहे. म्हणजे कापसाचा हंगाम, मे महिन्याचा उन्हाळा आणि पावसाळ्याची दमट हवा, असे आपल्याकडचे कसोटीचे तिन्ही काळ या साहित्याने दारव्हा तालुक्यातील माझ्या घरी पाहिले आहेत. छोट्या रेल्वेचा छंद असणारे लोक आपापल्या मांडणीची सुंदर छायाचित्रे एकमेकांना पाठवतात. परंतु पत्र्याच्या छपराखाली, शेजारच्या खोलीत कापूस भरलेला असताना आणि वीज कधी जाईल याचा नेम नसताना हे साहित्य कसे टिकते, याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

प्रथम गेजविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण माझ्या मते कंपनी कोणती निवडावी यापेक्षा गेज कोणते निवडावे हा निर्णय कितीतरी महत्त्वाचा आहे. जगभर सर्वाधिक चालणारे प्रमाण एचओ, म्हणजे १:८७ (खऱ्याच्या ८७ पट लहान) असून त्याचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो. तो युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या रुळाचे लहान रूप आहे. आपली ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटरची असल्यामुळे तिला ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरहून थोडा रुंद रूळ लागतो, आणि म्हणूनच १६.५ च्या रुळावर उभा केलेला भारतीय डबा समोरून पाहिला की रुळाच्या मानाने फार रुंद वाटतो. शकुंतला मात्र अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या नॅरो गेजवर धावत असे. या आकड्याला ८७ ने भागा : उत्तर ८.७६ येते. एन या एचओहून लहान प्रमाणासाठी जगात सर्वत्र मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ त्याच्या इतका जवळ आहे की पाव मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे रूळ आणि चाके एन प्रमाणातील तयार घ्यायची, आणि इंजिनाचे कवच, डबे, स्थानके, माणसे व झाडे १:८७ या प्रमाणात हाताने करायची. परदेशात नॅरो गेजचे छंदी हेच करतात. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या आपल्या मार्गाला, आणि त्याच गेजच्या पुलगाव–आर्वी मार्गालाही, ही पद्धत इतकी चपखल बसते की विदर्भातल्या छंदी माणसाने दुसऱ्या गेजचा विचार करण्यापूर्वी ही शक्यता अवश्य पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

इंजिन कोणते करावे, हा पुढचा प्रश्न होता. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले आणि १९२३ पासून या मार्गावर राबलेले वाफेचे झेडडी प्रकारचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले व त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. वाफेच्या इंजिनाचे दट्ट्ये आणि दांडे या आकारात हलते ठेवणे हे अनुभवी कारागिराचे काम आहे. डिझेल इंजिनाचे कवच मात्र प्लास्टिकच्या पातळ तावातून कापून चिकटवता येते, त्यामुळे सुरुवात करणाऱ्याने डिझेलच घ्यावे. कवचाची मापे घेण्यासाठी नागपूरला मोतीबाग येथे २००२ साली सुरू झालेले नॅरो गेज रेल्वे संग्रहालय फार उपयोगी पडते. नॅरो गेजचे खरे इंजिन माणसाच्या उंचीच्या मानाने किती बुटके आणि किती भरीव असते, हे तिथे जवळ उभे राहिल्यावरच नीट कळते.

रुळाच्या गुणवत्तेबद्दल माझे मत चांगले आहे. प्रत्येक तुकड्याखाली प्लास्टिकचा खडीसारखा पाया जोडलेला असतो आणि दोन तुकडे खटकन एकमेकांत बसतात, त्यामुळे फळीला खिळे न मारता मांडणी करता येते व गरज पडल्यास सगळे उचलून कपाटात ठेवता येते. ज्या घरात एकच मोठी खोली आहे आणि हंगामात तिच्यातच कापूस येतो, त्या घरासाठी ही सोय मोलाची आहे. रूळ निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात, त्यामुळे लोखंडासारखा गंज चढत नाही. दमट हवेत त्यांच्यावर काळपट थर येतो, परंतु औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती नसलेल्या कापडावर घेऊन पुसले की तो निघतो. पॉलिश पेपरने घासू नये, कारण बारीक ओरखड्यांत पुन्हा धूळ अडकते.

या पायाचा राखाडी रंग मात्र आपल्याकडच्या मार्गाला शोभत नाही. शकुंतलेचा रूळ बहुतेक ठिकाणी गवतात आणि काळ्या मातीत बुडालेला असे. तो देखावा आणण्यासाठी शेतातली खरी माती वापरण्याचा मोह प्रत्येकाला होईल, आणि ती वापरावीही, कारण तिच्यासारखा रंग डबीत मिळत नाही. परंतु आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे आणि त्या खडकात चुंबकाला चिकटणारे मॅग्नेटाइटचे कण असतात. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतो, तो हे कण आत ओढून घेतो आणि मोटर निकामी होण्याची भीती राहते. यावर उपाय असा : माती उन्हात पूर्ण वाळवावी, कुटून मैद्याच्या चाळणीने चाळावी, कागदावर पातळ पसरावी आणि पिशवीत गुंडाळलेला जुन्या स्पीकरचा चुंबक तिच्यावरून सावकाश फिरवावा. पिशवीवर काळी भुकटी जमलेली दिसेल. ती झटकून, काहीही चिकटेनासे होईपर्यंत चुंबक फिरवत राहावे. त्यानंतरच पांढरा गोंद पाण्यात पातळ करून माती बसवावी. खडीचेही गणित करून पाहण्यासारखे आहे. ५० मिलिमीटरचा दगड ८७ पटीने लहान केला तर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा होतो, म्हणजे साधी बारीक वाळूसुद्धा चाळून घ्यावी लागते.

मांडणीबाबत माझे एक ठाम मत झाले आहे. बहुतेक संचांबरोबर वर्तुळाकार रूळ येतो आणि गाडी गोल गोल फिरत राहते. १५० मिलिमीटर त्रिज्येचे वळण कमी जागेत मावते हे खरे, परंतु ८७ पटीने मोठे केले तर ते अवघे १३ मीटर त्रिज्येचे होते, आणि आपल्या सपाट वऱ्हाडात असे वळण कोणत्याही गाडीने घेतलेले नाही. मी भिंतीलगत आठ फूट लांब व सव्वा फूट रुंद प्लायवुडची फळी लावून सरळ मार्ग केला : एका टोकाला स्थानक, एक फाटा (जिथे एका रुळाचे दोन होतात तो सांधा), मालधक्का आणि त्यामागे जिनिंगचे आवार; दुसऱ्या टोकाला फक्त पराटीचे (कपाशीचे) शेत, धुऱ्यावरची बाभूळ आणि पळस. यवतमाळ ते मूर्तिजापूर हे सुमारे ११३ किलोमीटरचे अंतर या प्रमाणातही १.३ किलोमीटर भरते, त्यामुळे संपूर्ण मार्ग करणे शक्य नाही. एक स्थानक मनापासून करावे आणि कापसाच्या गाठी लादण्यासाठी वाघिणी मालधक्क्याला लावणे, इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला नेणे, ही कामे तिथे खऱ्यासारखी करावीत. यात गोल फिरणाऱ्या गाडीपेक्षा अधिक वेळ मन रमते, हे मला या महिन्यांत पुरेपूर पटले.

या कामांसाठी इंजिन अत्यंत सावकाश चालले पाहिजे, आणि हीच या साहित्याची खरी परीक्षा आहे. शकुंतलेचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर धरला तर छोट्या गाडीने सेकंदाला साधारण साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे एक मीटर अंतर सोळा सेकंदांत कापले पाहिजे. माझी चासी रूळ स्वच्छ असताना याहूनही हळू, न अडखळता चालते. आठही चाकांतून वीज घेत असल्यामुळे फाट्याच्या सांध्यावर ती थांबत नाही. चार चाकी चासी घेणाऱ्यांनी ही गोष्ट आधी तपासावी.

वीजपुरवठ्याविषयी सावधगिरीची सूचना. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, त्यामुळे थेट जपानहून मागविलेला तेथील बाजारासाठीचा कंट्रोलर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये कधीही लावू नये. रुळांना लागते ती केवळ १२ व्होल्टपर्यंतची डीसी वीज. आपल्याकडे फवारणी पंपात १२ व्होल्ट, ८ ॲम्पिअर-अवरची बॅटरी सर्रास वापरली जाते आणि ती कृषी केंद्रात सहज मिळते. तशी एक नवी बॅटरी, तिच्यापुढे एक ॲम्पिअरचा फ्यूज, पुढे दोन-तीनशे रुपयांचा पीडब्ल्यूएम गतिनियंत्रक (वीज वेगाने चालू-बंद करून गती कमी-जास्त करणारा) आणि दिशा बदलण्यासाठी एक बटण, एवढ्यावर माझा सगळा कारभार चालतो. हे छोटे इंजिन इतकी कमी वीज घेते की एकदा भारित केलेली बॅटरी कित्येक संध्याकाळी पुरते आणि भारनियमनाशी काही संबंध राहत नाही. फवारणीला वापरलेली बॅटरी मात्र घरात आणू नये, तिला कीटकनाशक लागलेले असते. तसेच ज्यांच्या इंजिनात कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर आहे त्यांनी स्वस्त, कमी वारंवारितेचा पीडब्ल्यूएम टाळावा, कारण त्याने ती मोटर तापते.

सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला असेल तर तो कापसाच्या तंतूंचा. वेचणी सुरू झाल्यापासून संक्रांतीनंतरपर्यंत घरातल्या हवेत तंतू तरंगत असतात. ते रुळावर बसतात, चाकाबरोबर उचलले जातात आणि चाकाच्या दांडीवर टकळीवरच्या सुतासारखे गुंडाळत जातात. गाडी आधी हळू होते, मग धक्के देऊ लागते. बारीक चिमटा व सुई घेऊन भिंगाखाली ते काढावे लागतात, ओढून तोडू नयेत, उलट्या दिशेने उलगडावेत. मांडणी झाकण्यासाठी जुने सुती लुगडे घेऊ नये, त्याचेच तंतू गळतात. नायलॉनची साडी किंवा प्लास्टिकचा ताव उत्तम. कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात ही गोष्ट लिहिलेली नसते, पण कापूस पिकवणाऱ्या घरात ती सर्वांत आधी कळायला हवी.

उन्हाळ्याचा परिणाम मला अपेक्षेपेक्षा कमी जाणवला. पत्र्याखाली दुपारी प्लास्टिकचा पाया निश्चितपणे वाढतो, म्हणून आठ फुटांच्या सलग मार्गात दोन ठिकाणी कार्डाच्या जाडीइतकी फट ठेवावी आणि फटीच्या दोन्ही बाजूंना वेगळी तार जोडावी, म्हणजे वीज खंडित होत नाही. हिवाळ्यात केलेली मांडणी फट न ठेवता घट्ट बसवली तर मे महिन्यात ती मध्येच उचलली जाते. पावसाळ्यात प्लायवुड फुगू नये म्हणून फळीला खालून-वरून आणि विशेषतः कडांना तैलरंग द्यावा.

आता छायाचित्रांविषयी, कारण या छंदाची निम्मी गोडी त्यांत आहे. साधा मोबाइल यासाठी महागड्या कॅमेऱ्यापेक्षा काही बाबतींत सरस ठरतो. त्याचे भिंग लहान असल्यामुळे जवळचे इंजिन आणि मागचे स्थानक ही दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. मोबाइल उलटा धरावा, म्हणजे भिंग खाली येते आणि रुळाच्या पातळीवरून, फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेतून गाडी दिसते. १:८७ मध्ये माणूस सुमारे १९ मिलिमीटर उंच असतो, तेव्हा भिंग फळीपासून बोटभर उंचीवरच हवे. वरून काढलेल्या छायाचित्रात गाडी खेळण्यातली वाटते आणि त्याच गाडीचे खालून काढलेले छायाचित्र पाहून लोक स्थानकाचे नाव विचारतात. खोलीतल्या दोन दिव्यांनी प्रत्येक वस्तूच्या दोन सावल्या पडतात, त्यामुळे मी फळी अंगणात नेतो. सकाळी आठच्या सुमारास एकाच बाजूने येणारे ऊन, मागे खरे आकाश आणि लांबवर धूसर दिसणारी शेजारच्या वावरातली झाडे यांमुळे जो परिणाम साधतो, तो छापील पडद्याने साधत नाही.

छायाचित्र निर्दयपणे खरे बोलते. अर्ध्या मिलिमीटरचा धुळीचा कण त्यात चार सेंटिमीटरचा गोटा होऊन दिसतो, कवचाचा वाकडा सांधा दिसतो, छपराची कौले प्रमाणाबाहेर जाड दिसतात. म्हणून मी प्रत्येक काम पूर्ण होण्याआधी त्याचे छायाचित्र काढतो आणि रेल्वेत नोकरी केलेल्या जाणत्या लोकांना पाठवतो. त्यांच्याकडून मिळणारे ज्ञान कोणत्याही विकतच्या साहित्यापेक्षा मोठे आहे. मालधक्क्याची उंची वाघिणीच्या तळाशी जुळली पाहिजे, गार्डाचा डबा कुठे लागतो, फाट्याचा खटका रुळाच्या कोणत्या बाजूला असतो, या गोष्टी त्यांनीच दाखवून दिल्या.

हे साहित्य कोणी घ्यावे? ज्याला पेटी उघडून लगेच भारतीय गाडी चालवायची आहे, त्याची निराशा होईल, कारण शकुंतलेचे तयार इंजिन किंवा डबे मी बाजारात पाहिलेले नाहीत. लहान मुलांच्या हातीही हे देऊ नये, चाकांच्या कडा आणि जोडण्या फार नाजूक आहेत. परंतु ज्याला कापण्या-चिकटवण्याची आवड आहे, महिन्याला थोडा थोडा खर्च करण्याची तयारी आहे आणि आपल्या गावावरून जाणारी ती गाडी पुन्हा रुळावर पाहावी असे मनापासून वाटते, त्याने ९ मिलिमीटरचा सरळ रूळ, एक फाटा आणि आठ चाकी चासी एवढेच घेऊन सुरुवात करावी. वर्तुळाचा संच घेऊ नये.

माझ्या मांडणीत सध्या स्थानकाची इमारत अपुरी आहे, कारण फलाटाच्या बाजूचे दरवाजे, तिकीटखिडकी आणि छपराचा उतार यांची खात्रीची मापे मिळालेली नाहीत. कारंजा, दारव्हा, लाडखेड, दर्यापूर, अंजनगाव या मार्गावरच्या गावांत ज्यांच्या घरी स्थानकासमोर काढलेली जुनी छायाचित्रे असतील, त्यांनी ती जपून ठेवावीत आणि शक्य असल्यास त्यांची प्रत मला द्यावी. इमारत समोरून, सरळ दिसणारी असावी आणि भिंतीलगत कोणीतरी उभे असावे. त्या व्यक्तीची उंची ठाऊक असली की तिच्या आधाराने दारांची, खिडक्यांची व छपराची मापे काढता येतात.