व्हीएच्या क्लेमसाठी ‘कन्सल्टंट’ला सही देण्याआधी

अमेरिकेच्या सैन्यात जाऊन आलेली मराठी मुलं आहेत, हे इथल्या आपल्याच लोकांना पुष्कळदा माहीत नसतं. २००९ साली मॅव्हनी नावाची योजना निघाली आणि स्टुडंट व्हिसावर आलेल्यांनाही हिंदीसारख्या भाषेच्या जोरावर भरती होता आलं. माझा नवरा त्यातलाच. मूळ साताऱ्याकडचा, सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, त्यामुळे घरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. हा ट्रान्सपोर्ट युनिटमध्ये ट्रक चालवायचा. कंदाहारला असताना ह्याच्या पुढचा ट्रक सुरुंगावर गेला. त्यापलीकडचं तो मलाही सांगत नाही.

मी लिहितेय ते नंतरच्या भानगडीबद्दल. व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचं केंद्रीय खातं, जो अपंगत्वाचा भत्ता देतं तो वाढवून देतो असं सांगून आमच्याकडून पैसे उकळणाऱ्या कंपनीबद्दल. नाव देत नाही. अशा कंपन्या बऱ्याच आहेत आणि सगळ्यांचा खाक्या साधारण एकच, त्यामुळे खाक्या ओळखता आला तरी पुष्कळ झालं.

आधी थोडा हिशेब, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ह्याला पीटीएसडीचं, म्हणजे भयंकर प्रसंगातून गेल्यावर जडणाऱ्या मानसिक आजाराचं, ५० टक्के रेटिंग होतं (अपंगत्व किती टक्के ते व्हीए ठरवतं, त्यावर भत्ता) आणि कानात सतत वाजतं त्याचं १० टक्के. व्हीएची बेरीज शाळेतल्यासारखी नसते. आधी पन्नास टक्के माणूस वजा, मग उरलेल्या पन्नासाचे दहा टक्के, म्हणजे झाले पंचावन्न, आणि ते धरतात साठ. तेवढ्यावर आणि नोकरीवर आमचं चाललं होतं. मग नोकरी सुटली. गोदामात शिफ्ट सुपरवायझर होता. वरून पॅलेट आदळलं की हा जमिनीवर पडून राहायचा. लोक हसायचे, मग हसायचे बंद झाले, मग मॅनेजरने बोलावून घेतलं. त्यानंतर धरलेली कामं महिना-दोन महिन्यांच्या पुढे गेली नाहीत.

कंपनीचा नंबर ह्याच्या जुन्या युनिटमधल्या मित्राने दिला. ओळख करून दिल्याबद्दल मित्राला कंपनीकडून पैसे मिळतात हे आम्हाला नंतर कळलं. फोनवरचा माणूस स्वतः माजी सैनिक, बोलायला गोड, ‘ब्रदर’शिवाय बात नाही. म्हणाला, काम झालं तरच पैसे. भत्ता महिन्याला जेवढा वाढेल त्याच्या पाचपट आमची फी, वाढला नाही तर एक छदामही नको. ऐकायला अगदी सरळ वाटतं. त्यांनी करार पाठवला, ह्याने फोनवरच बोटाने सही केली. करारात ह्याचा सोशल सिक्युरिटी नंबर (इथली आधारसारखी ओळख) आणि जन्मतारीख तर होतीच, व्हीएच्या खात्याचा पासवर्डही त्यांनी मागून घेतला.

पुढचं काम म्हणजे एका खाजगी डॉक्टरबाईंशी व्हिडिओ कॉल. मी शेजारच्या खोलीत होते, भाताला कुकर लावला होता. तिसरी शिट्टी व्हायच्या आत कॉल संपला. तेवढ्यावर त्या बाईंनी कितीतरी पानांचा फॉर्म भरून दिला. मग कंपनीने सगळे कागद ह्याच्याकडे पाठवले आणि सांगितलं, तू तुझ्याच लॉगिनने अपलोड कर. त्यांचं नाव एकाही कागदावर नाही. तेव्हा ते सोयीचं वाटलं, पण खरी मेख तिथेच आहे.

कायदा असा आहे: व्हीएचा क्लेम, म्हणजे भत्त्याचा अर्ज, तयार करायला मदत करायची तर तुम्हाला व्हीएची मान्यता लागते. ती तीन तऱ्हेच्या लोकांना मिळते: माजी सैनिकांच्या संस्थांचे प्रतिनिधी, वकील आणि परीक्षा देऊन झालेले एजंट. संस्थांचे प्रतिनिधी फुकट काम करतात. वकील आणि एजंट फी घेऊ शकतात, पण क्लेमवर व्हीएचा पहिला निर्णय आल्यानंतरच. आणि तीही सहसा थकबाकीच्या, म्हणजे मागच्या महिन्यांच्या मिळायच्या राहिलेल्या भत्त्याच्या, २० टक्क्यांपर्यंत. एक तृतीयांशाच्या वर गेली तर ती अवाजवी धरली जाते. भविष्यातल्या भत्त्यावर कुणी हक्क सांगूच शकत नाही. आमच्या ‘ब्रदर’कडे यातली कुठलीच मान्यता नव्हती. कागदावर नाव का नव्हतं, ते आता कळलं असेल. एवढं असूनही हे लोक उजळ माथ्याने फिरतात, कारण बेकायदा फी घेतल्याबद्दल जी शिक्षेची तरतूद होती ती २००६ सालच्या दुरुस्तीत काढून टाकली गेली. नियम आहे, दंडुका नाही. काही राज्यांनी आपापले कायदे करून पाहिलेत, पण दिल्लीत काय आणि वॉशिंग्टनमध्ये काय, असल्या गोष्टी वर्षानुवर्षं लोंबकळत राहतात.

पहिल्या फेरीत काम झालं, हे नाकारत नाही. पीटीएसडी ७० टक्के झालं, एकूणही ७०. २०२५ च्या दराने एकट्या माणसाला ६० टक्क्यांना महिना साधारण १,३९६ डॉलर मिळायचे आणि ७० ला १,७५९. बायको-मुलं असली की थोडे जास्त. म्हणजे वाढ साडेतीनशेच्या आसपास आणि फी त्याच्या पाचपट. कार्डावरून गेले. पण पुढे काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, माजी सैनिकांसाठीच्या ऑफिसरने फाइल बघून सांगितलं की हे रेटिंग व्हीएच्याच हॉस्पिटलमधल्या नोंदींवर मिळालंय. ते कागद व्हीएकडे आधीपासून होते. फक्त अर्ज करायचा होता.

मग कंपनीने दुसरी फेरी काढली, ‘आता १०० करू’. त्यासाठी ह्याच्या नावाने लिहिलेलं निवेदन आलं, खाली सहीची जागा रिकामी. ते मी वाचलं म्हणून बरं. त्यात लिहिलं होतं की ह्याला जवळच्या नातेवाइकांची नावं आठवत नाहीत, आपण कुठे आहोत ते कळत नाही, आणि तो घरच्यांना इजा करेल अशी मला सतत भीती वाटते. माझ्या नावाचंही एक वेगळं पत्र होतं, तयार. मानसिक आजाराच्या १०० टक्क्यांच्या निकषात व्हीएने जी उदाहरणं दिली आहेत, तीच उचलून ओळीने मांडलेली. अहो, ज्याला चुलत आत्याच्या जावेचं माहेरचं आडनाव पाठ आहे, त्याला नावं आठवत नाहीत? ह्याला झोप नाही, हा दुकानात पाठ भिंतीला लावून उभा राहतो, चार माणसांत काम करू शकत नाही. हे सगळं खरं आहे आणि पुरेसं आहे. खोटं कशाला लिहायचं? आणि ते खोटं उघडं पडलं असतं तर फसवणुकीचा ठपका सही करणाऱ्यावर, कंपनी नामानिराळी. शिवाय घरात लहान मूल आहे. ‘घरच्यांना इजा’ असं सरकारी कागदावर आपण होऊन लिहून द्यायचं म्हणजे काय, याचा विचार त्या लिहिणाऱ्याने केला नसेल असं मला वाटत नाही. त्याला पर्वा नव्हती.

त्याच आठवड्यात सासऱ्यांचा फोन आला होता. त्यांना सगळं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, “सैनिकाच्या पेन्शनच्या कागदाला पैसे कोण मागतं गं? तिथं सैनिक बोर्ड नाही का?” आहे. टेक्सासमध्ये काउंटीचा व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर असतो, राज्याचं टेक्सास व्हेटरन्स कमिशन आहे, शिवाय डीएव्ही, अमेरिकन लिजन, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संस्थांचे प्रतिनिधी. सगळं मोफत. इतर राज्यांतही अशी सोय आहे.

आमच्या काउंटीचा ऑफिसर म्हणजे आखाती युद्धातला म्हातारा मरीन, टेबलावर कागदांचा ढीग आणि आवाज तोफेसारखा. त्याने ते निवेदन दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं आणि विचारलं, “याने काम कधी सोडलं?” कंपनीने हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. मग त्याने जे समजावलं ते प्रत्येक घराला माहीत हवं. १०० टक्के रेटिंग न मिळताही १०० टक्क्यांचा भत्ता मिळू शकतो. सेवेतल्या आजारामुळे पोटापुरती नोकरी टिकवता येत नसेल, तर टीडीआययू नावाची तरतूद आहे. एकाच आजाराला ६० टक्के असतील, किंवा एकूण ७० असून त्यातल्या एकाला ४०, तर अर्ज करता येतो. त्याखालच्यांनाही अपवाद म्हणून विचार होऊ शकतो. फॉर्म २१-८९४०. त्यात शेवटच्या पाच वर्षांतल्या नोकऱ्या, सुटल्याच्या तारखा, शिक्षण. जुन्या मालकाकडून २१-४१९२ भरून येतो. गोदामाच्या मॅनेजरने त्यात पॅलेटचं, रजांचं, वेगळ्या खोलीत बसवून पाहिल्याचं सगळं लिहून दिलं. चांगला माणूस. खोट्या निवेदनाच्या कितीतरी पट वजन त्या एका कागदाला होतं.

आणखी एक गोष्ट त्याने पहिल्याच भेटीत केली: ‘इंटेन्ट टू फाइल’ नोंदवलं. त्याने तारीख पकडून ठेवता येते. मग वर्षभरात पूर्ण अर्ज केला तरी थकबाकी सहसा त्या तारखेपासून धरली जाते. कंपनीने हे कधी केलंच नाही. ‘पुरावे जमू देत’ म्हणत बसवून ठेवलं, आणि त्या महिन्यांचे पैसे गेले ते गेलेच. माझ्या हिशेबी फीपेक्षा हे नुकसान मोठं.

टीडीआययू मंजूर झालं. दर १०० टक्क्यांचा, २०२५ मध्ये एकट्याला महिना साधारण ३,८३१ डॉलर होता. अट एवढीच की दारिद्र्यरेषेच्या वर जाईल अशी नियमित कमाई आता करता येत नाही.

ही मंजुरी आम्हाला कशी कळली? कंपनीच्या बिलावरून. व्हीएचं पत्र घरी यायच्या आधी बिल ईमेलमध्ये हजर: दहा हजार डॉलरहून जास्त. त्यांनी ह्याचा सोशल सिक्युरिटी नंबर वापरून व्हीएच्या फोनलाइनवरून परस्पर भत्त्याचा आकडा काढला होता. आणि करारात बारीक अक्षरांत होतं की सही केल्यापासून ठराविक मुदतीत जी काही वाढ होईल, कुणीही करून दिली तरी, तिच्यावर फी लागू. ज्या कामाला बोटही लावलं नाही त्याचे पाचपट.

ती रक्कम आम्ही दिलेली नाही. काउंटीच्या ऑफिसरने फॉर्म २१-२२ भरून प्रतिनिधित्व आपल्या संस्थेकडे घेतलं. व्हीएच्या खात्याचा पासवर्ड बदलला, बँकेचा बदलला, आणि ह्याच्या नावावर कुणी कर्ज काढू नये म्हणून तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे (कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या) फ्रीझ टाकला. ते फुकट असतं. व्हीएच्या जनरल कौन्सेलच्या (कायदेविषयक) कार्यालयाला, राज्याच्या ॲटर्नी जनरलला आणि ग्राहकांच्या फसवणुकीकडे बघणाऱ्या एफटीसी या केंद्रीय खात्याला तक्रारी गेल्या, सोबत ते खोटं निवेदन जोडून. कंपनीने तयार केलेला मसुदा टाकून देऊ नका, तोच पुरावा. सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल तर माजी सैनिकांच्या फसवणुकीसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, १-८३३-३८८-७२३३. आणि कुणाची मान्यता तपासायची असेल तर जनरल कौन्सेलच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं. कंपनीचं नाव नव्हे, समोरच्या माणसाचं नाव टाका. मान्यता माणसाला असते.

सध्या वसुलीवाल्यांचे फोन चालू आहेत. हा फोन उचलत नाही, मी उचलते. तुम्हालाही येऊ लागले तर फोनवर काही कबूल करू नका, ‘थोडे थोडे देतो’ असंही म्हणू नका. त्यांची पहिली लेखी नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत पत्राने कळवा की हे कर्ज आम्हाला मान्य नाही, सिद्ध करून दाखवा. सिद्ध करेपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. पत्र सर्टिफाइड मेलने पाठवा आणि पोहोचपावती जपून ठेवा.