"कुठल्याही प्लास्टिकवर फोटो छापा" म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

सब्लिमेशनचं, म्हणजे खास शाईने कागदावर छापलेला फोटो उष्णतेने वस्तूवर उतरवायचं, पॅकेज घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा, कारण माझे पैसे तर अडकलेच पण मला ते विकणाऱ्या माणसाचे तेच व्हिडिओ अजून फिरतायत, आणि संक्रांत जवळ आली की वाणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आपल्यासारख्या बायकाच त्याला बरोबर सापडतात.

पॅकेजमध्ये हीट प्रेस (गरम करून दाबायचं मशीन), प्रिंटर, इंक, पेपर आणि वर कच्चा माल म्हणून मग, लाकडी कीचेन, नाव टाकायला प्लास्टिकचे छोटे डबे. एकाच मशीनवर सगळं छापून होतं असं त्याने छातीठोक सांगितलं, डेमोपण दिला, मगवरचा फोटो नखाने खरवडला तरी हलेना. पण तो डेमोचा मग कोटिंगवाला होता आणि आम्हाला बांधून दिलेला माल बिनकोटिंगचा! सब्लिमेशनची शाई साधारण १८० ते २०० डिग्रीला वाफ होऊन पॉलिस्टरमध्ये नाहीतर पॉलिमरच्या कोटिंगमध्ये शिरते, नुसत्या चिनीमातीवर किंवा लाकडावर ती धरतच नाही, त्यामुळे घरी छापलेले मग धुतले की फोटो पुसट. डब्यांचं तर विचारूच नका. असे डबे बहुतेक पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकचे असतात, ते १६० च्या आसपास वितळतं, म्हणजे शाई बसायच्या आधीच डबा वाकडा होणार. रोज हाच धंदा करणाऱ्याला हे माहीत नसेल असं मी मानूच शकत नाही.

शाईतही घोळ निघाला. खऱ्या सब्लिमेशन शाईची प्रिंट कागदावर फिकी दिसते आणि गरम केल्यावर रंग उठतात, याची कागदावरच एकदम भडक, आणि प्रेस केल्यावर अर्ध्याहून जास्त कागदावरच राहायची, म्हणजे साधी इंक भरून दिलेली.

फोन केला तर आधी म्हणे ताई तुमचं टेंपरेचर चुकतंय, मग म्हणे धंद्यासाठी घेतलंय ना, मग तुम्ही ग्राहक नाहीच, कुठेही जा. हे ऐकून खूप जणी गप्प बसतात म्हणून मुद्दाम सांगते, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फक्त स्वतःच्या रोजगारासाठी, पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्याची धरत नाहीत, आपण ग्राहकच असतो. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार टाकलीये, अजून चालू आहे. ऑनलाइन पैसे भरून समोरचा गायबच झाला असेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.

कुणाकडूनही घेताना त्याच्या डेमोच्या वस्तूवर जाऊ नका, जो माल तो तुम्हाला देणार त्याच खोक्यातला एक मग उचला, तुमच्यासमोर छापायला लावा, आणि गार झाल्यावर साबण लावून घासणीने घासा. बिलावर "सब्लिमेशन कोटेड" असं लिहून घ्या, नुसतं "मग" लिहिलेलं चालवून घेऊ नका, माझ्या बिलावर तेवढंच आहे आणि तो आता त्याच्यावरच अडून बसलाय.

प्लास्टिकच्या डब्यांना हवंच असेल तर यूव्ही डीटीएफ स्टिकर (फिल्मवर छापलेले, वस्तूवर नुसते चिकटवायचे) करून मिळतात, त्याला उष्णता लागत नाही, डबा स्पिरिटने पुसून कोरडा करायचा, दाबून चिकटवायचा आणि वरची फिल्म हळूच काढायची. वाणाच्या राहिलेल्या ऑर्डरी मी तशाच पूर्ण केल्या.