मालकंटेंट : मुलांच्या मेनूतून गायब होणारे प्रोग्राम आणि त्यावरचा इलाज

इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेत शाळकरी मुलांसाठी ठेवलेल्या लिनक्स संगणकांवर मालकंटेंट हे पालक नियंत्रण वापरात आहे. एंडलेस ओएस या प्रणालीसाठी सुरू झालेले हे साधन सप्टेंबर २०२० मधील ग्नोम ३.३८ पासून ग्नोम डेस्कटॉपच्या सेटिंग्जशी जोडले गेले. ते मोफत आहे, त्यासाठी कुठे ऑनलाइन खाते काढावे लागत नाही आणि कोणता मुलगा काय उघडतो याची माहिती बाहेर जात नाही, म्हणून सोसायटीच्या बैठकीत त्याला कोणी हरकत घेण्याचा प्रश्नच नव्हता.

तक्रार येते ती वेगळ्याच बाबतीत. संगणकावर व्यवस्थित बसवलेला, मुलाला अभ्यासासाठी हवा असलेला प्रोग्राम त्याच्या खात्यात शोधूनही सापडत नाही. अशा वेळी तो प्रोग्राम पुन्हा बसवण्याच्या खटपटीला लागू नये. आधी प्रशासकाच्या खात्यात जाऊन तो दिसतो का ते पाहावे. तिथेही दिसत नसेल, तर दोष बहुधा प्रोग्रामच्या मेनू-नोंदीत असतो आणि पालक नियंत्रणाला बोल लावण्यात अर्थ नसतो.

तिथे दिसत असेल, तर मात्र मालकंटेंटची कामाची पद्धत समजून घ्यावी लागते. फ्लॅटपॅक (लिनक्सवर ॲप स्वतंत्र, बंदिस्त संचाच्या रूपात बसवण्याची पद्धत) स्वरूपातील ॲप हे साधन त्याच्या स्वतंत्र ओळखीवरून अडवते. परंतु नेहमीच्या पॅकेजमधून बसवलेला प्रोग्राम तो ज्या फाइलवरून सुरू होतो तिच्या पत्त्यावरून अडवते, आणि खरी मेख इथेच आहे. लिबरऑफिस या कार्यालयीन संचातील रायटर (लेखन), कॅल्क (आकडेमोड) आणि ड्रॉ (चित्रे) हे प्रोग्राम एकाच आज्ञेने, केवळ पुढचा पर्याय बदलून सुरू होतात. त्यामुळे चित्रे काढण्यात वेळ जातो म्हणून ड्रॉ बंद करणाऱ्या पालकाच्या हातून मराठीचा निबंध टंकण्यासाठी लागणारा रायटरही बंद होतो. यावर मधला मार्ग नाही. ड्रॉवरचे बंधन उठवावे आणि रायटर परत मिळवावा, हेच शहाणपणाचे.

दुसरे कारण ब्राउझरबंदीचे. ही बंदी ब्राउझरांची नावे पाहत नाही. वेबचे दुवे उघडण्यासाठी स्वतःची नोंद करणारा प्रत्येक प्रोग्राम तिच्या दृष्टीने ब्राउझरच ठरतो. एखादा डाउनलोड व्यवस्थापक किंवा वाचनाचे ॲप अशी नोंद करत असेल, तर तेही सुक्याबरोबर ओले जळावे तसे त्यात सापडते. पालक नियंत्रणाच्या खिडकीत मुलाचे खाते निवडून ब्राउझरबंदीचे बटण बंद करावे, नको असलेले ब्राउझर ॲपच्या यादीतून एकेक करून अडवावेत आणि मुलाला एकदा लॉग-आउट करून परत यायला सांगावे. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टंकून संगणक चालवण्याच्या खिडकीची, सवय असलेल्यांना मालकंटेंट-क्लायंट ही आज्ञा अधिक सोयीची वाटेल, कारण तिला मुलाचे वापरकर्तानाव आणि प्रोग्रामच्या फाइलचा पूर्ण पत्ता दिला की परवानगी आहे की नाही, एवढे सरळ उत्तर मिळते. हीच तपासणी खिडकीत एका बटणावर मिळायला हवी होती. अमुक ॲप बंद केल्याने आणखी कोणते ॲप बंद होईल, याची सूचना तिथे पालकाला मिळत नाही, ही माझ्या मते या साधनातील सर्वांत मोठी उणीव आहे.

ही बंधने प्रशासकाच्या खात्याला लावता येत नाहीत, म्हणून मुलाचे खाते साधेच ठेवावे. शिवाय पॅकेजमधून बसवलेला प्रोग्राम मेनूतून लपला, तरी टर्मिनल जाणणारा मुलगा तो तिथून सुरू करू शकतो. फ्लॅटपॅक ॲप मात्र सुरू होतानाच अडवले जाते. त्यामुळे चौथी-पाचवीच्या मुलांसाठी मी हे साधन निःसंकोच सुचवीन, पण डिप्लोमाला गेलेल्या मुलासाठी ते बसवण्याचे कष्ट घेऊ नयेत.