राजारामपुरीतील नकाशांचा संग्रह : अभ्यासाला उत्तम, नक्कल घेताना सावध

कोल्हापुरातील जुन्या इमारतींची दुरुस्ती किंवा अभ्यास करणाऱ्यांसाठी राजारामपुरीतील एका वास्तुविशारद कुटुंबाने आपल्या दोन पिढ्यांच्या कार्यालयाचे दप्तर पाहायला खुले केले आहे. संग्रह राहत्या घराच्या वरच्या मजल्यावर असल्याने आणि आगाऊ वेळ न घेता कुणी येऊ नये अशी घरच्यांची इच्छा असल्याने नाव व पत्ता इथे देत नाही. शहरातील वास्तुशास्त्राच्या शिक्षकांकडे चौकशी केल्यास ओळखीची चिठ्ठी मिळते आणि त्या चिठ्ठीवर वेळ मिळते. पुढील अभिप्राय शाहूपुरीतील एक वखार आणि ताराबाई पार्कमधील एक बंगला यांच्या दुरुस्तीसाठी मी तिथे केलेल्या कामावर आधारलेला आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाल्यापासून ‘मूळ नकाशे कुठे आहेत?’ हा प्रश्न एरवी अशा गोष्टींकडे न फिरकणाऱ्या लोकांच्याही तोंडी आला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात बांधून घेतलेली ती वास्तू पुन्हा उभी करताना तिच्या छताची कैची, म्हणजे छप्पर तोलणारा त्रिकोणी सांगाडा, कशी होती, सज्जाचा भार कशावर होता, हे आठवणींवरून ठरवता येत नाही, आणि आग विझल्यावर कागद शोधायला निघण्याची आपली रीत तशी जुनीच आहे. त्या नाट्यगृहाचा एकही कागद या संग्रहात नाही, हे आधीच सांगितलेले बरे. नवा राजवाडा, टाऊन हॉल किंवा खासबाग मैदान यांचेही काही इथे मिळणार नाही. इथे आहेत ती साधारण १९३० ते १९७५ या काळातील खासगी कामे : शाहूपुरीतील गुळाच्या वखारी, लक्ष्मीपुरीतील दुकाने आणि त्यांवरील बिऱ्हाडे, ताराबाई पार्कातील बंगले, काही वसतिगृहांची वाढीव बांधकामे. ज्यांची नोंद कुठल्याच वारसायादीत होत नाही आणि जी दर पावसाळ्यानंतर एकदोनने कमी होतात, अशा मधल्या दर्जाच्या इमारतींचे हे दप्तर आहे. त्याचे मोल माझ्या मते त्यामुळेच अधिक आहे.

या संग्रहाची खरी गुणवत्ता त्याच्या मांडणीत आहे. बहुतेक ठिकाणी नकाशे एका कपाटात, फोटो दुसऱ्या खोलीत आणि पत्रव्यवहार रद्दीत, अशी फाटाफूट झालेली असते. नकाशे दिसायला देखणे म्हणून राहतात, फाईल धुळकट म्हणून जाते. इथे मात्र कार्यालयाने पहिल्या दिवसापासून प्रत्येक कामाला एक क्रमांक दिला आणि तोच क्रमांक नकाशाच्या कोपऱ्यात, फोटोच्या पाठीवर, मोजमाप पुस्तिकेवर आणि बिलांच्या गठ्ठ्यावर टाकला. क्रमांक सांगितला की सगळे एकत्र टेबलावर येते. एखाद्या इमारतीचे काय ठरले होते हे नकाशा सांगतो, काय उभे राहिले ते फोटो सांगतो, आणि ठरलेले व उभे राहिलेले यांत अंतर का पडले ते फाईल सांगते. या तिन्हींपैकी एक जरी नसले तरी दुरुस्ती करणारा माणूस अंदाजावर चालतो, आणि जुन्या बांधकामात अंदाज महाग पडतो.

माझ्या वखारीचेच उदाहरण देतो. मंजूर नकाशात पोटमाळ्याखाली लोखंडी तुळया दाखवल्या आहेत, आणि त्या तेवढ्या जाडीच्या असतील असे धरून वर किती पोती ठेवता येतील याचा हिशेब मालकांच्या अभियंत्याने केला होता. काम चालू असतानाच्या फोटोत मात्र त्या जागी सागवानी तुळया स्वच्छ दिसतात. फाईल उघडल्यावर खुलासा झाला : काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, लोखंड आणि सिमेंट दोन्हींवर सरकारी नियंत्रण, आणि लोखंडाचा परवाना मिळेना म्हणून कार्यालयाने मालकांना पत्र लिहून जुन्या वाड्याचे सागवान वापरण्याची संमती घेतली होती. त्या पत्रासोबत लाकडाची मोजणी आहे, कोणत्या तुळईला गाठ आहे आणि ती भिंतीकडच्या टोकाला ठेवावी अशी सूचनाही आहे. आज त्या तुळया फळ्यांच्या छताखाली झाकलेल्या असल्याने हे पत्र हाती नसते तर छत फोडल्याशिवाय काही कळले नसते.

कागदपत्रांचे हे महत्त्व काही नवे नाही. आपला नवा राजवाडा १८७७ मध्ये सुरू होऊन १८८४ मध्ये पुरा झाला, पण त्याचा आराखडा करणारे मेजर चार्ल्स मांट १८८१ मध्येच वारले होते. शेवटच्या टप्प्यात विचारायला मूळ माणूस नसताना कागदच बोलत असणार. मोठ्या कामांत ते कागद कुणीतरी जपले जातील अशी आशा तरी असते, वखारीच्या बाबतीत तेवढीही नसते.

फोटोंचा भाग संख्येने लहान पण कसदार आहे. जुने फोटो काचेच्या निगेटिव्हवर आहेत, त्यांत साडेसहा बाय साडेआठ इंची फुल प्लेट आणि तिच्या निम्म्या आकाराच्या प्लेटा अधिक. घरभरणीच्या दिवशी हार घातलेल्या मालकांसह काढलेले फोटो कोणत्याही कार्यालयात असतात. इथे पाया खणल्यावर, जोत्यापर्यंत आल्यावर, कमानीचा साचा काढण्यापूर्वी आणि काढल्यावर, असे टप्प्याटप्प्याने काढलेले फोटो आहेत आणि बहुतेकांत एक माणूस फूटपट्टी रंगवलेली काठी धरून उभा आहे. त्या काठीमुळे फोटोवरून उंची काढता येते. ज्यांनी हे काम केले ते गवंडी, पाथरवट, सुतार आणि वडार बाया-बाप्ये फोटोत अनामिक आहेत, पण त्याच क्रमांकाच्या हजेरीपटात त्यांची नावे आणि रोजची मजुरी लिहिलेली आहे. चेहरा आणि नाव यांची जोडी नक्की लावता येत नाही हे खरे. तरी शहर कुणी बांधले या प्रश्नाला एवढे थेट उत्तर मी इतरत्र पाहिलेले नाही, आणि कुणा विद्यार्थ्याने नकाशे बाजूला ठेवून फक्त हजेरीपट वाचले तरी त्याचा प्रबंध होईल.

नकाशांचे चार प्रकार इथे भेटतात आणि प्रत्येकाची प्रकृती वेगळी असल्याने जाणाऱ्याने ती समजून घ्यावी. जाड कागदावर शाईने काढून रंग भरलेले मूळ नकाशे सर्वांत टिकाऊ. ट्रेसिंग क्लॉथ म्हणजे खळ चढवून गुळगुळीत केलेले तलम कापड. त्यावरची काळी शाई शंभर वर्षे तशीच राहते, पण पाण्याचा एक थेंब पडला की खळ विरघळून तिथे कायमचा डाग उमटतो. निळ्यावर पांढऱ्या रेषांची ब्ल्यू प्रिंट ही १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधलेल्या पद्धतीची संतती. ती उजेडात फिकी होते आणि अंधारात ठेवल्यास काही अंशी पुन्हा गडद होते, मात्र आम्लविरोधी म्हणजे अल्कधर्मी कागदाशी तिचे पटत नाही. चौथी अमोनिया प्रिंट, जी पिवळी पडते आणि शेजारच्या कागदांनाही बिघडवते.

ब्ल्यू प्रिंटबद्दल एक व्यावहारिक इशारा देणे आवश्यक आहे. ती तयार करताना कागद पाण्यात धुतला जात असल्याने वाळताना तो आक्रसतो, आणि उभ्या व आडव्या दिशेने सारखाच आक्रसतो असेही नाही. त्यामुळे ‘आठ फुटास एक इंच’ असे प्रमाण लिहिले आहे म्हणून पट्टी लावून माप काढू नये. लिहिलेला आकडा खरा मानावा, आणि आकडा नसेल तर जागेवर जाऊन टेप लावावा. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा असला तरी या कार्यालयाच्या फायलींत फूट, इंच आणि ब्रास पुढेही बरीच वर्षे नांदत राहिले आहेत, आणि काही नकाशांवर एकाच भिंतीची दोन मापे दोन पद्धतींत लिहिलेली सापडतात. ती एकमेकांशी जुळतातच असे नाही.

साठवणीबाबत समाधान आणि नाराजी दोन्ही आहेत. नकाशे रुंद खणांत आडवे पसरून ठेवले आहेत, गुंडाळ्या जवळजवळ नाहीत, खोली वरच्या मजल्यावर आणि राजारामपुरीच्या उंच भागात असल्याने २०१९ किंवा २०२१ सारख्या पंचगंगेच्या पुराची धास्ती नाही. पावसाळ्यात ट्रेसिंग क्लॉथचे खण उघडतच नाहीत, आणि हा नियम ओळखीच्या माणसासाठीही मोडला जात नाही. याउलट अमोनिया प्रिंट आणि ब्ल्यू प्रिंट एकाच खणात एकावर एक आहेत, खण ओढताच नाकाला झोंबणारा वास येतो, आणि त्याचा परिणाम खालच्या निळ्या कागदांच्या कडांवर दिसू लागला आहे. त्यांना वेगळे करायला नवी खोली लागत नाही, दोन खण रिकामे करावे लागतात. त्याहून वाईट म्हणजे पूर्वी कधीतरी चांगल्या हेतूने काही मूळ नकाशांना प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करून घेतले आहे. गरम करून चिकटवलेले ते आवरण कागदाला इजा न करता परत काढणे जवळपास अशक्य असते. असे आणखी होणार नाही, एवढे आश्वासन घरच्यांनी दिले आहे.

संग्रहाची देखभाल त्याच कार्यालयातून निवृत्त झालेले एक ड्राफ्ट्समन करतात, ज्यांना येणारा प्रत्येक जण काका म्हणतो. त्यांच्यासारखा मार्गदर्शक मोठ्या संस्थेतही मिळणे कठीण. नकाशावरील अक्षर पाहून तो कुणी काढला, कोणत्या साली त्या माणसाने शाईचे पेन बदलले, इथपर्यंत ते सांगतात. पण नेमकी हीच या संग्रहाची दुबळी बाजू आहे. नोंदवही मालकांच्या आडनावाने लावलेली आहे. गल्ली, पेठ किंवा सिटी सर्व्हे क्रमांकावरून शोधण्याची सोय नाही. इमारत दोनदा विकली गेली असेल आणि मूळ मालकाचे नाव तुम्हाला ठाऊक नसेल, तर काकांच्या स्मरणशक्तीवाचून गत्यंतर नाही. ‘बसा, आठवतंय मला,’ असे म्हणून ते क्रमांक काढून देतातही, आणि त्या क्षणी आनंद होतो. पण त्यांच्या डोक्यातील ही अनुक्रमणिका कागदावर उतरवण्याचे काम कुणीही हाती घेतलेले दिसत नाही. शहरातील वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळी सुटीत हे सहज करता येईल, आणि मोजणीच्या ठरावीक प्रकल्पांपेक्षा त्यातून ते जास्त शिकतील असे मला वाटते.

आता नक्कल मिळण्याच्या सोयीविषयी, कारण बहुतेकांना तेवढ्यासाठीच जायचे असते आणि नेमके तिथेच गाडे अडते. संग्रहाकडे स्वतःचे यंत्र नाही. नकाशे शहरातील एका स्कॅनिंगच्या दुकानात पाठवले जातात, जिथे कागद रुळांमधून ओढून घेणारे यंत्र आहे. यंत्रावर छापलेल्या नव्या नकाशांसाठी ते ठीक आहे, ठिसूळ झालेल्या ट्रेसिंगसाठी धोक्याचे. मला मिळालेल्या प्रतींत समास कापला गेला होता, म्हणजे कामाचा क्रमांक, तारीख आणि सही असलेला कोपराच गेला, आणि पाठीमागे पेन्सिलने केलेला हिशेब कुणी स्कॅन करण्याच्या योग्यतेचा मानला नव्हता. तक्रार केल्यावर काकांनी ते सर्व पुन्हा, यावेळी वरून कॅमेऱ्याने टिपून घेतले आणि जादा पैसे घेतले नाहीत, हे कौतुकाने नमूद करतो. म्हणून मागणी करतानाच लेखी कळवावे : पूर्ण कागद चारही कडांसह हवा, शेजारी मोजपट्टी ठेवलेली हवी, पाठीवर काही लिहिले असेल तर तीही बाजू हवी, आणि फाईल इंचाला ३०० बिंदूंपेक्षा कमी नको. चाळीस बाय सत्तावीस इंची जुन्या मोठ्या कागदासाठी ही प्रतिमा १२००० बाय ८१०० बिंदूंची होते. फाईल जड होते खरी, पण तुळईच्या टोकाशी लिहिलेले बारीक अक्षर त्याहून कमी बिंदूंत वाचता येत नाही. मोबाइलने फोटो काढायला परवानगी आहे आणि टिपणासाठी तो पुरेसा आहे, परंतु भिंगामुळे कडांकडील रेषा वाकत असल्याने त्यावरून मापे घेऊ नयेत.

संस्थानकाळातील सरकारी इमारती ज्यांचा विषय आहे त्यांनी इथे वेळ न घालवता कोल्हापूरच्या पुरालेखागाराची वाट धरावी. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होण्यापूर्वीचा दरबारी कारभार समजून घ्यायचा तर त्या दप्तरांना पर्याय नाही, मात्र बराचसा मजकूर मोडीत असल्याने लिपी शिकूनच जावे लागते. राजारामपुरीच्या फायली बव्हंशी बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत आणि इंग्रजी टंकलेखनात आहेत, हा नवशिक्यांसाठी मोठा दिलासा. जुने गवंडी ठेकेदार मात्र मोडीतच पावत्या लिहीत असत आणि त्या काकांनाही वाचता येत नाहीत.

प्रसिद्धीसाठी नकाशा किंवा फोटो वापरायचा असेल तर कुटुंबाची स्वतंत्र लेखी परवानगी लागते, आणि ही अट रास्त आहे. आपल्या कायद्यानुसार वास्तुविशारदाच्या आरेखनावरील हक्क त्याच्या निधनानंतरही साठ वर्षे टिकतो. परवानगीच्या बदल्यात ते पैसे मागत नाहीत. त्या इमारतीची तुम्ही आज केलेली मोजणी आणि काढलेले फोटो यांची एक प्रत त्याच कामाच्या क्रमांकाखाली जमा करायला सांगतात, आणि ती प्रत दिल्याशिवाय पुढची वेळ देत नाहीत. वेळ सकाळचीच मागावी, कारण दुपारनंतर खोलीत पश्चिमेचे ऊन येते आणि खण बंद केले जातात. ट्रेसिंग क्लॉथ पाहायचे असेल तर दिवाळी उलटल्यावर जावे.